टेक शेअर्समध्ये ट्रेडिंग: गोव्यातून मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोलीचा, नोकरी सांभाळून २००९ पासून बाजारात आहे. गेली तीन-चार वर्षं मित्र, पाहुणे, शेजारची कॉलेजातली मुलं सगळे फिरून फिरून तेच विचारतात, की हे टेकचे शेअर एवढे वरखाली होतात तर त्यात पैसा कसा करायचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासे घेतानासुद्धा एकाने विचारलंय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. मी सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला सल्लागार नाही आणि कुठला शेअर घ्या हे इथे मिळणार नाही. किती घालायचे, कधी थांबायचं, एवढंच आहे, कारण मला वाटतं तेवढंच आपल्या हातात असतं.

टेक शेअर म्हणजे आयटीच ना? टीसीएस, इन्फोसिस वगैरे?

ते एक झालं. पण सगळं एका टोपलीत टाकू नका, तीन वेगळे प्रकार आहेत. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो ह्या बाहेरच्या कंपन्यांची कामं करतात, कमाई डॉलरमध्ये, नफा आहे, डिव्हिडंड देतात. तिकडच्या गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला की ह्या पडतात, २०२२ मध्ये निफ्टी आयटी (मोठ्या आयटी कंपन्यांचा निर्देशांक) सुमारे २६ टक्के खाली आला तो असाच. दुसरा प्रकार म्हणजे झोमॅटो (आता नाव इटर्नल), पेटीएम असल्या नव्या कंपन्या. बाजारात लिस्ट झाल्या, म्हणजे शेअरची खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हा ह्या तोट्यातच होत्या, लोक पैसे देत होते ते पुढच्या दहा वर्षांत नफा होईल ह्या हिशोबावर. आता दहा वर्षांच्या हिशोबात कुणी थोडासा आकडा बदलला, किंवा व्याजदर वाढले, की आजची किंमत धाडकन बदलते. म्हणूनच हे शेअर एवढे हलतात, त्यात ऑपरेटरचाच (मुद्दाम भाव हलवणाऱ्याचा) हात असतो असं नाही. तिसरा प्रकार अमेरिकेतले, एन्व्हिडिया, मेटा वगैरे, त्यावर खाली लिहिलंय.

संधी खरंच आहे की मांडवीतल्या कॅसिनोसारखाच प्रकार?

संधी आहे, खरीच आहे. झोमॅटोचा आयपीओ (कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकणं) जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आला. वर्षभरात, जुलै २०२२ मध्ये तो ४१ च्याही खाली गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ३०० च्या वर. ७६ ला घेऊन जो गप्प बसला त्याचे साडेतीन वर्षांत चौपट झाले. पण त्याच शेअरमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरात १६० च्या आसपास शिरलेला माणूस पुढच्या आठ महिन्यांत पाऊण पैसे गमावून बसला होता, आणि त्यातले बरेच जण ४५-५० ला विकून बाहेर पडले, मी स्वतः ओळखतो असे दोघे. शेअर तोच, कंपनी तीच. फरक कुठे पडला तर कुठल्या भावाला शिरला, किती पैसे घातले आणि ते पैसे कधी लागणार होते, ह्यात.

कॅसिनोत टेबलावरचा पैसा फक्त इकडून तिकडे जातो, इथे मागे धंदा असतो, तो वाढला तर सगळ्यांचंच भलं होऊ शकतं. मात्र रोज सकाळी घ्या आणि साडेतीनच्या आत विका असं सुरू केलंत तर मागे धंदा काय आहे ह्याचा काही संबंध उरत नाही. सेबीने २०२२-२३ चा अभ्यास केला त्यात कॅश विभागात (साधे शेअर, फ्युचर्स-ऑप्शन्स सोडून) इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झालेला दिसला, आणि वर्षाला ५०० च्या वर ट्रेड मारणाऱ्यांत तर ८० टक्के तोट्यात. म्हणजे जास्त मेहनत केली की जास्त मिळेल हे इथे उलटं चालतं.

किती पैसे घालू? जमिनीचे आलेत, पडून आहेत.

हा प्रश्न गोव्यात फार येतो. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकला, नाहीतर बोटीवरून (जहाजावरच्या नोकरीवरून) आलेल्या भावाने पैसे ठेवले, एकदम रक्कम हातात आली आणि फोनवर कोणाचा तरी नफ्याचा स्क्रीनशॉट आला. मी आधी एकच विचारतो, ह्यातले किती गेले तर घरात कोणाचं काही अडणार नाही? मुलीची फी, चवथीचा खर्च, घराचं कौल बदलायचं काम, आईचं औषध, हे सगळं बाजूला काढा. जे उरलं त्यातलाही एक भाग ट्रेडिंगला. बाकीचं एफडी, इंडेक्स फंड, काय हवं तिथे.

आता त्या भागाचा हिशोब. समजा ट्रेडिंगसाठी ५ लाख ठेवलेत. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त १ टक्का घालवायची तयारी, म्हणजे ५,००० रुपये. शेअर ७६८ ला घेताय आणि ७४० ला चूक मान्य करून बाहेर पडायचं ठरवलंय, म्हणजे शेअरमागे २८ रुपयांचा धोका. ५,००० भागिले २८, झाले १७८ शेअर, साधारण १ लाख ३७ हजारांचा माल. बस्स, एवढाच घ्यायचा. शेअर जास्त उडणारा असेल तर स्टॉप (चूक मान्य करून विकायचा भाव, त्याची ऑर्डर आधीच लावून ठेवता येते) लांब ठेवावा लागतो, म्हणजे शेअर आपोआप कमी येतात. आपल्याकडे लोक बरोबर उलटं करतात, शेअर जेवढा उडतो तेवढे जास्त घेतात.

स्टॉपलॉस लावला की मग टेन्शन नाही ना?

आहे. वरचेच आकडे घ्या, ते मी उगाच नाही धरले. १८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, इन्फोसिस ७६८ च्या आसपास बंद झाला. सोमवारी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान म्हणून बाजार बंद. त्याच सोमवारी बातमी आली की कंपनीतल्याच कोणीतरी निनावी तक्रार केलीय की हिशोबात गडबड आहे. मंगळवारी शेअर उघडलाच ६९१ च्या आसपास, १० टक्के खाली, आणि दिवसअखेर ६४३. आता तुमचा ७४० चा स्टॉप काय करणार? मधले भाव आलेच नाहीत. ऑर्डर ट्रिगर झाली आणि माल ६९१ ला गेला. शेअरमागे २८ नाही, ७७ रुपये गेले. १७८ शेअरवर १३,७०० रुपये, ठरवलेल्या पाच हजारांच्या जवळजवळ तिप्पट. दुखतं, पण ५ लाखांतले १३,७०० म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामावर जातो. तेच "स्टॉप लावलाय ना" म्हणून कोणी पुरे ५ लाख घातले असते तर ६५१ शेअर, ५० हजार उघडतानाच साफ.

आणि स्टॉप लिमिट लावला असेल, म्हणजे ७४० ट्रिगर आणि ७३८ च्या खाली विकू नको असा, तर माल विकलाच गेला नसता आणि संध्याकाळी ६४३ बघत बसावं लागलं असतं. पुढे जानेवारी २०२० मध्ये कंपनीच्या ऑडिट कमिटीच्या चौकशीत तक्रारीत तथ्य आढळलं नाही, भावही सावरला. पण त्या मंगळवारी सकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

लोअर सर्किट लागलं म्हणजे नक्की काय होतं?

भाव दिवसाच्या ठरलेल्या खालच्या मर्यादेला जाऊन अडकतो आणि विकायला गिऱ्हाईकच नसतं. हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०१८ साली एका मिडकॅप (मध्यम आकाराच्या) सॉफ्टवेअर कंपनीचे ४०० शेअर २१२ ला घेतले होते. कंपनी बरी वाटत होती, ऑर्डरी येत होत्या. शुक्रवारी रात्री बातमी, ऑडिटरने राजीनामा दिला. सोमवारी ९ वाजता प्री-ओपनमध्येच, म्हणजे बाजार उघडायच्या आधीच, विकायची ऑर्डर टाकली. स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या बाजूला लाखांत आकडा आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. पाच टक्के खाली, कुलूप. मंगळवारी परत तेच. बायको चहा आणून ठेवायची आणि तो गार होऊन साय धरायचा, मी त्या शून्याकडे बघत बसलेला की आता तरी कोणी येईल. सहा दिवस असेच गेले, सातव्या दिवशी सर्किट उघडलं आणि १५३ ला निघालो. २३,६०० रुपये गेले. पैशापेक्षा ते सहा दिवस लक्षात राहिले, कारण निर्णय घेतला होता आणि तो अंमलात आणता येत नव्हता.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. रोजची सर्किट मर्यादा २ किंवा ५ टक्के असलेला टेक शेअर घेतच नाही, त्यात अडकायला होतं. आणि कुठल्याही एका शेअरमध्ये तेवढेच, की उद्या तो अर्ध्यावर उघडला तरी मी शांतपणे जेवू शकेन. अर्ध्यावर कसा उघडेल म्हणता? ७ जानेवारी २००९ ला सत्यम ह्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोट्या हिशोबाची कबुली दिली तेव्हा तो शेअर एका दिवसात १७९ वरून ४० च्या खाली बंद झाला होता. आणि ती निफ्टीतली, म्हणजे मोठ्या पन्नास कंपन्यांतली होती, कुठली आडबाजूची नव्हे.

मार्जिनवर घेतलं तर? ब्रोकर व्याजाने देतोय, एमटीएफ म्हणून.

नको. इथे मला दुसरं मत ऐकायचंच नाही.

आमच्या डिचोली, साखळी, सत्तरीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजवायची गरज पडू नये. खाणी जोरात होत्या तेव्हा घराघरात ट्रक घेतले, कर्ज काढून एकाचे दोन, दोनाचे चार. धंदा खोटा नव्हता, पैसा खरा येत होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. ट्रक ताडपत्री घालून अंगणात उभे आणि हप्ता मात्र दर महिन्याला. ज्याचा ट्रक फेडून झाला होता तो थांबू शकला, ज्याच्यावर कर्ज होतं त्याला मिळेल त्या भावाला विकावा लागला. शेअरमध्ये अगदी हेच होतं, फक्त वर्षांऐवजी दोन दिवसांत. भाव पडला की ब्रोकर मार्जिन, म्हणजे तुमच्या पदरचे आणखी पैसे, मागतो, नाही भरलं तर तोच तुमचे शेअर विकतो, आणि नेमका तळाला विकतो. तुमचा अंदाज बरोबर असूनसुद्धा तुम्ही बाहेर.

रिझल्टच्या आधी घ्यावा की नंतर?

रिझल्टच्या (तिमाही निकालाच्या) दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठा गॅप येतो, म्हणजे भाव मधले आकडे सोडून एकदम उडी मारतो. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आसपास टीसीएसपासून आयटीचे निकाल सुरू होतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आणि आकडे चांगले आले तरी भाव पडतो, कारण लोक मागच्या तिमाहीपेक्षा पुढच्या वर्षाचा अंदाज बघतात. १२ एप्रिल २०१३ ला इन्फोसिस एका दिवसात २० टक्क्यांच्या वर पडला होता तो वाढीचा अंदाज लोकांना कमी वाटला म्हणून.

मी ट्रेडिंगची पोझिशन (घेऊन ठेवलेला माल) रिझल्टआधी अर्धी करतो. अर्धीच का, पूर्ण का नाही, तर चांगली बातमी आली तर त्यातही थोडा वाटा हवा असतो. बरोबर आलं तर अर्ध्याचा नफा, चुकलं तर अर्ध्याचा तोटा, दोन्ही झेपतात.

पडला की ॲव्हरेज करू का, म्हणजे आणखी घेऊन सरासरी भाव खाली आणू का?

आधी टक्क्यांचं गणित बघा. ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के वाढावा लागतो, ७५ टक्के पडला तर ३०० टक्के. पेटीएम २०२१ ला आयपीओत २,१५० ला विकला, पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ ला पेटीएमच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, मग मे २०२४ ला तो ३१० पर्यंत गेला, आणि त्याच डिसेंबरात १,००० च्या वर. म्हणजे ३१० ला घेणाऱ्याचे तिप्पट झाले, आणि २,१५० वाला तेव्हाही अर्ध्यापेक्षा जास्त तोट्यात. दोघेही "पेटीएममध्ये आहे" असंच सांगत होते.

माझा नियम असा, की भाव पडला हे एकच कारण असेल तर ॲव्हरेज नाही. समजा हा शेअर माझ्याकडे नसता, तर आज ह्या भावाला मी घेतला असता का? हो असेल, आणि एका शेअरची ठरवलेली मर्यादा ओलांडत नसेन, तरच घेतो. सावरायला वेळ किती लागू शकतो तेही बघा, अमेरिकेचा नॅस्डॅक मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेला, ऑक्टोबर २००२ पर्यंत त्यातले ७८ टक्के गेले, आणि ती जुनी पातळी परत यायला २०१५ उजाडलं. आणि हा सगळा बाजार झाला, त्यातल्या कितीतरी कंपन्या परत आल्याच नाहीत.

ऑप्शनमध्ये तर धोका फक्त प्रीमियमचाच ना?

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क, आणि प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत. तो प्रीमियम रोज विरघळत असतो. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेले, हा सेबीचाच आकडा. दिशा बरोबर येऊन वेळ चुकली तरी पैसे जातात. मला ह्यावर जास्त लिहायचं नाही.

अमेरिकेतले शेअर इथून घेता येतात का?

येतात, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण त्यातून मार्जिनवर ट्रेडिंग चालत नाही. तिकडचा बाजार आपल्याकडे संध्याकाळी ७ ला सुरू होतो आणि रात्री दीडला संपतो, हिवाळ्यात ८ ते अडीच. सकाळच्या शिफ्टला वेर्ण्याला जाणाऱ्याने रात्री दीडपर्यंत जागून ट्रेडिंग करायचं म्हणजे दोन्हीकडे चुका. आणि एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत म्हणून हलत नाहीत असं समजू नका, २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीकच्या बातमीने एन्व्हिडिया एका दिवसात १७ टक्के पडला, कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५९,००० कोटी डॉलरने कमी झालं. मेटा ३ फेब्रुवारी २०२२ ला २६ टक्के. तिथे घ्यायचं तर हळूहळू, लांबच्या मुदतीने. आणि एक शेअर जरी असला तरी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावाच लागतो, हे बरेच जण विसरतात.

भाऊ बोटीवर असतो, त्याच्या अकाऊंटवरून मी ट्रेड मारतो. चालतं ना?

नाही चालत. बोटीवर काम करणारे बहुतेक जण एनआरआय ठरतात, त्यांचं साधं डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) एनआरओ किंवा एनआरई ह्या एनआरआयसाठीच्या खात्यात बदलून घ्यावं लागतं, आणि एनआरआयला कॅशमध्ये इंट्राडे करता येत नाही, डिलिव्हरीच घ्यावी लागते, म्हणजे शेअर खात्यात घेऊन मगच विकायचे. शिवाय दुसऱ्याच्या पासवर्डने ट्रेड केला आणि तोटा झाला तर सहा महिन्यांनी तो घरी आल्यावर काय होतं ते मी दोन घरांत बघितलंय. भाऊ भाऊ बोलत नाहीत.

टेलिग्रामवर खात्रीचे कॉल देतात, परतावा नक्की म्हणतात.

बाजारात खात्रीचा परतावा सांगणारा खोटं बोलतोय. सल्ला देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासा. पैसे ब्रोकर सोडून कोणाच्या खात्यात गेले असतील तर विचार करत बसू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर) फोन लावा, जितका उशीर तितके पैसे परत मिळायची शक्यता कमी.

पावसात लाईट जाते, नेट जातं, पोझिशन उघडी असते. मग?

जून-जुलैत झाड पडलं की आमच्याकडे दोन-दोन तास काही नसतं, मग टॉवरची बॅटरी पण संपते. म्हणून पावसाळ्यात मी इंट्राडे करतच नाही. डिलिव्हरीच्या शेअरला जीटीटी (ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर) लावून ठेवतो, ती ब्रोकरकडे पडून राहते, आपला फोन बंद असला तरी ट्रिगर लागली की जाते. आणि ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेण्याचा नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, मोबाईलमध्ये नको. ॲप लटकतं ते नेमकं बाजार पडताना.

टॅक्स किती? आणि बायकोला सांगायलाच पाहिजे का?

वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, हे २३ जुलै २०२४ पासूनचे दर. इंट्राडेचा नफा सट्ट्याचा धंदा म्हणून तुमच्या स्लॅबने, आणि त्यातला तोटा फक्त त्याच प्रकारच्या नफ्यातून वळता होतो, तोही चार वर्षांपर्यंत.

आता गोव्याचं वेगळं. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामायिक धरतात. म्हणून आयकर कायद्यात, १९६१ च्या कायद्यात कलम ५ए, पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटून दाखवायला सांगितलंय. घरभाडं, व्याज, शेअरचा नफा, ट्रेडिंगचा धंदा, सगळं. पुण्या-मुंबईचे सीए हे कधीकधी विसरतात, म्हणून गोव्यातल्याच सीएला दाखवा. तुम्ही ३ लाख घालवलेत तर त्यातले दीड लाख बायकोच्या रिटर्नमध्ये जातात, आणि तुमच्या रिटर्नमधल्या ह्या वाटणीच्या तक्त्यात तिचा पॅन भरावा लागतो. म्हणजे ती ह्यात आहेच, तुम्ही सांगा नाहीतर नका सांगू.

आम्ही काय करतो ते सांगतो. रविवारी जेवण झालं की वहीत तीन आकडे लिहितो, ट्रेडिंगमध्ये किती आहेत, आठवड्यात किती आले-गेले, आणि सगळे स्टॉप एकदम लागले तर किती जातील. तिसरा आकडा ती मोठ्याने वाचते. गेल्या वर्षी तो एकदा ४०,००० च्या वर गेला होता, ती म्हणाली हे जास्त होतंय, आणि सोमवारी सकाळी सव्वानऊला मी दोन पोझिशन कमी केल्या.